हात मागे बांधून

आमच्या घराण्यात म्हातारी माणसं सांभाळायला कोणी शिकलं नव्हतं. कौलारू घराचा गळका कोपरा जसा पावसाळाभर सांभाळला जातो तशी ती सांभाळली जात. रात्री कोणीतरी उठे, भांडं थोडं सरकवे, पुन्हा येऊन झोपे. आजोबांचं औषध कोणाकडे, आजीची वेणी कोणी घालायची, दुपारच्या कण्हण्याला ओ कोणी द्यायची, याचा कुठे तक्ता नव्हता आणि तरी सगळं पार पडे. निदान आम्हाला तसं वाटे. आजी-आजोबांना काय वाटे ते विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, एका वृद्धनिवासात, ‘ॲडल्ट केअर वर्कर, लेव्हल टू’ या अभ्यासक्रमाची शिकाऊ उमेदवार म्हणून मी दाखल झाले आहे, ही बातमी पुण्याच्या मावशीला फोनवर सांगताना मी जरा आडवळणानेच गेले. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे म्हाताऱ्यांचं करायचं. अगं, पण त्यात शिकायचं काय असतं?”

इंग्लंडात उमेदवारीला वयाची वरची अट नाही. सोळा पूर्ण असली की झालं; पुढे गुडघे तुमचे आणि नशीब तुमचं. माझ्या तुकडीत नुकत्याच शाळेतून सुटलेल्या पोरी होत्या, गोदामातली रात्रपाळी सोडून आलेला एक तरुण होता आणि मी. माझी मेंटर माझ्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान. ती मला ‘लव्ह’ म्हणते, पण यॉर्कशरमध्ये बसचा ड्रायव्हर, भाजीवाला आणि दात उपटणारा डॉक्टरही ‘लव्ह’च म्हणतो, त्यामुळे त्यात गुंतून पडण्यासारखं काही नाही. पगार बेताचा. टाळ्या मात्र या धंद्याने भरपूर मिळवल्या आहेत: २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडे बाल्कनीत थाळ्या वाजल्या, त्यानंतर चारच दिवसांनी इथे टाळ्या सुरू झाल्या, आणि मग कितीतरी गुरुवार रात्री आठच्या ठोक्याला अख्खा देश दारात उभा राहून त्या वाजवत होता. टाळ्यांवर बसचा पास निघत नाही, एवढीच त्यांची अडचण.

शिकायचं काय, या मावशीच्या प्रश्नाला इंग्लंडनेही पुष्कळ वर्षं मावशीसारखंच उत्तर दिलं होतं. २०१३ साली कॅमिला कॅव्हेंडिश यांनी सरकारला अहवाल दिला की ही कामं करणाऱ्यांना देशभर एकसारखं असं काही शिकवलंच जात नाही. कोणाला महिनाभर, कोणाला एक व्हिडिओ दाखवून थेट कामावर. त्यातून २०१५ मध्ये ‘केअर सर्टिफिकेट’ निघालं. त्यात तेव्हा पंधरा मानकं होती. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे पोटात गोळा. संवाद, खासगीपणा आणि प्रतिष्ठा, खाणं आणि पाणी. आयुष्यभर मी जे करत आले होते, त्याला प्रत्येकी एक प्रकरण, एक कार्यपुस्तिका आणि शेवटी मेंटरची सही.

सुरुवातीच्याच एका तासाला आम्हाला जोड्या करून बसवलं, हातात दह्याची वाटी आणि चमचा दिला आणि एकमेकींना भरवायला सांगितलं. खाणारीने डोळे मिटायचे. एवढंच. करून पाहा कधीतरी. मिटल्या डोळ्यांपुढे चमचा कुठून येईल याचा नेम नसतो. तो नाकाशी थबकतो, ओठाला थंडगार लागतो, पहिला घोट उतरायच्या आत दुसरा दारात उभा. भरवणारी तिसऱ्याच कोणाशी हवापाण्याचं बोलत असते, आणि आपण तोंड उघडावं की मिटावं या विचारात एका मिनिटात शंभर वर्षांचे होतो. मग नियम सांगितले. उभ्याने भरवायचं नाही. समोर, डोळ्याला डोळा भिडेल असं बसायचं. काय आहे ते आधी सांगायचं. गिळलेलं दिसलं की मगच पुढचा घास. माझ्या लग्नात नवऱ्याने मला भरवलेला जिलबीचा घास मी इतकी वर्षं प्रेमाचा समजत आले. या कसोट्यांवर तो साफ नापास आहे: उभ्याने, न सांगता आणि सबंध वेळ फोटोग्राफरकडे बघत.

घासाचंही एक शास्त्र आहे हे तिथेच कळलं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी खाण्यापिण्याची एक आंतरराष्ट्रीय शिडी आहे, शून्य ते सात. शून्यावर पाणी, सातावर तुमचं-आमचं नेहमीचं जेवण. पेय किती दाट ते ठरवायला दहा मिलिलिटरची सिरिंज भरून दहा सेकंद वाहू द्यायची आणि आत किती उरलं ते बघायचं. चार मिलिलिटर उरलं तर एक पातळी, आठ उरलं तर दुसरी. मऊ पदार्थ काट्याने दाबायचा, आणि दाबताना अंगठ्याचं नख पांढरं पडेल तेवढाच जोर पुरेसा आहे ना हे पाहायचं. बारीक केलेल्या अन्नाचा कण चार मिलिमीटरहून मोठा नको. काट्याच्या दोन दातांमधली फट तेवढीच असते, म्हणून मोजपट्टी लागत नाही. हे वाचल्यापासून घरच्या स्वयंपाकाकडे बघायची माझी नजर बिघडली. आमटी एकवर की दोनवर? पिठलं गरम असताना तिसऱ्या पायरीवर असतं आणि नवरा आंघोळीहून येईपर्यंत चौथ्यावर चढतं. श्रीखंड मात्र चमच्यावर आपला आकार धरून चौथ्या पातळीवर ठाम बसतं, हे पाहून ऊर भरून आला. सासूबाई कधीकाळी ‘वरण फार पातळ झालंय’ म्हणत. आता त्यांना आकड्यात उत्तर देता आलं असतं, पण त्या ऐकायला राहिल्या नाहीत.

माणूस उचलायच्या यंत्रात आम्हाला स्वतःला बसवलं तो दिवसही विसरण्यासारखा नाही. ‘होइस्ट’ म्हणतात त्याला. कापडी झोळी अंगाखाली सरकवायची, तिचे रंगीत फास आडव्या दांडीला अडकवायचे, आणि मग बटण दाबलं की माणूस खुर्चीतून अलगद अधांतरी. ते चालवायला दोघी लागतात, एकटीने हात लावायचा नाही. आणि माणसं उचलणाऱ्या अशा यंत्राची तज्ज्ञाकडून दर सहा महिन्यांनी तपासणी झालीच पाहिजे असा १९९८ पासूनचा नियम आहे. मी वर गेले. पाय सुटले, खोली किंचित फिरली, आणि गिरगाव चौपाटीवर क्रेनने उचलल्या गेलेल्या गणपतीला काय वाटत असेल ते मला अचानक उमगलं. खालून सगळे कौतुकाने बघत असतात, कोणी फोटो काढतं, आणि हे सगळं आपल्याच भल्यासाठी चाललेलं असूनही मनात एकच येतं की मला कोणी विचारलं का? माझ्या मेंटरने मात्र विचारलं. “ठीक आहे ना, लव्ह? थांबू का?” त्या एका वाक्यासाठी तो सबंध तास होता, हे खाली उतरल्यावर समजलं.

पण या साऱ्या करण्याच्या गोष्टी झाल्या. त्या सरावाने येतात. अवघड होतं ते न करणं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत. (नाव सांगणार नाही. माहिती गुप्त राखणं हे त्या मानकांतलंच एक आहे, आणि दुसऱ्यांच्या गोष्टी सांगून जगणाऱ्या निबंधलेखकाला त्यासारखी शिक्षा नाही. तपशील इकडचे तिकडे केले आहेत, दोघींची एक केली आहे.) त्या सकाळी स्वतःच्या कार्डिगनची बटणं स्वतः लावतात. बीबीसीवर स्थानिक बातम्या सुरू होतात तेव्हा पहिलं बटण हाती येतं. हवामानाच्या अंदाजापर्यंत तिसरं लागतं, आणि मग लक्षात येतं की एक काज चुकलं आहे. ती उरलेली दोन बटणं मी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लावली असती. माझी बोटं त्यासाठीच वाढली आहेत. आमच्याकडे सून चांगली ठरते ती अशा बोटांवर. मेंटरने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हात मागे बांध. अक्षरशः. मग मी राणीच्या दोन पावलं मागून चालणाऱ्या प्रिन्स फिलिपसारखी पाठीमागे हात गुंफून उभी राहिले, आणि चुकलेलं बटण पुन्हा काढून बरोबर लावलं जाईपर्यंत यॉर्कशरमध्ये कुठे कुठे पाऊस पडणार आहे ते ऐकत राहिले. बटणं लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, शाळेत कोणाला मार्क देताना पाहत असतील तसं, आणि म्हणाल्या, “धीर आहे तुला.” मला नव्हता. पण हात बांधलेले असले की धीराचा देखावा तरी करता येतो, आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

पुढचं पाऊल कायद्याचं. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेला ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट’ आहे, २००५ चा. त्याच्या सुरुवातीलाच पाच तत्त्वं दिली आहेत. पहिलं असं की माणसाला स्वतःचे निर्णय घेता येतात असंच धरून चालायचं. येत नाहीत हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. आणि तिसरं मी दोनदा वाचलं: एखाद्याने घेतलेला निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवता येणार नाही. म्हणजे मूर्खपणा करण्याचा हक्क, संसदेने मंजूर केलेला, आणि वय वाढलं म्हणून तो जप्त होत नाही. आमच्याकडचे एक गृहस्थ रोज जेवणाआधी ट्रायफल खातात. आधी गोड, मग मांस-बटाटे, तेही भूक उरली तर. का, असं एका नवीन मुलीने विचारलं तेव्हा म्हणाले, “या वयात चांगली गोष्ट शेवटी ठेवणं म्हणजे उधारीवर माल देणं.” तेच गृहस्थ जानेवारीत कोटाशिवाय बागेत निघतात. थंडी आहे हे त्यांना सांगायचं, कोट हवा का ते विचारायचं. नको म्हणाले तर कोट आपल्या हातावर टाकून त्यांच्या मागे मागे जायचं. दुसऱ्या फेरीला ते न बोलता एक बाही मागे करतात. ती बाही मागे येईपर्यंत कोट पुढे करायचा नाही, यात माझं अर्धं प्रशिक्षण आलं.

तो कायदा वाचून झाला त्या रात्री मला आमची आजी आठवत राहिली. तिला मधुमेह. साखरेचा डबा फळीवर वर, गुळाचा त्याहून वर, गौरी-गणपतीचे पेढे मोजून ठेवलेले. तिला दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जायचं असे, आणि दरवर्षी माझे काका गंभीर चेहऱ्याने येऊन सांगत की यंदा चंद्रभागेला फार पाणी आहे, एसट्या बंद आहेत. नदीला असं नियमित, तिथी बघून पाणी आणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आजी “हो का” म्हणे आणि वाती वळायला घेई. तिला ते कळत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका आषाढीला मात्र तिने वात वळता वळता काकांना विचारलं होतं, “आणि मग शेजारची यमी पोहत गेली का रे?”

ज्या शहरात मी शिकते त्याच शहराच्या विद्यापीठात टॉम किटवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९९७ मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंशावर एक पुस्तक लिहिलं आणि पुढच्या वर्षी ते गेले. आज या देशात स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल ज्या पद्धतीने शिकवली जाते, त्यातलं बरंचसं त्यांच्यापाशी येऊन पोचतं. आजाराने माणसाचं जेवढं जातं, त्यात आजूबाजूची माणसं आपल्या वागण्याने आणखी काही काढून घेतात, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या वागण्याचे सतरा प्रकार त्यांनी मांडले. यादीत पहिलीच आहे लबाडी, म्हणजे माणसाने ऐकावं म्हणून त्याला फसवणं. मग त्याच्या हातचं काम काढून घेणं, त्याला लहान मूल समजणं, त्याला झेपणार नाही अशा वेगाने बोलणं, तो समोर असताना त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलणं. मी एकेक प्रकार वाचत गेले आणि प्रत्येक ठिकाणी मला घरचं कोणीतरी दिसत गेलं: इथे काका, इथे थोरली काकू, इथे देवघरासमोर डॉक्टरांशी कुजबुजणारे सगळे. गणपतीत काढलेला जुना कुटुंबाचा फोटोच, फक्त खाली वेगळ्या ओळी. किटवुड मात्र कोणाला दुष्ट ठरवत नाहीत. ही माणसं मायाळूच असतात, ते सांगतात, आणि हे सगळं मायेपोटीच चाललेलं असतं. ते वाचून काकांच्या वतीने मला जरा बरं वाटलं. चंद्रभागेच्या पुराइतकी मेहनत माणूस परक्यासाठी करत नाही.

नोंदवह्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांबद्दल थोडक्यात कोणीच सांगत नाही. लिहिलं नाही ते घडलंच नाही, हे या धंद्याचं गायत्रीमंत्रासारखं वाक्य. चहा किती दिला, किती प्यायल्या. कूस किती वाजता बदलली. आंघोळीला नको म्हणाल्या, पुन्हा केव्हा विचारलं. शिवाय मनचं काही लिहायचं नाही. ‘आज खुशीत होत्या’ असं मी लिहिलं तर मेंटर पेन्सिलीने खालून रेघ ओढते: कशावरून? मग ‘दुपारी खिडकीशी बसून गुणगुणत होत्या, दोनदा हसल्या’ असं लिहावं लागतं. मराठी ललित लेखनाचे वर्ग घेणाऱ्यांनी ब्रॅडफर्डला एकदा येऊन जावं.

गुणगुणणाऱ्या त्या बाई सात नंबरच्या खोलीत असतात. त्यांना माणसांची नावं राहत नाहीत, लेकाचंही कधी कधी निसटतं. पण टेबलावर कापड अंथरलं की त्यांच्या बोटांची टोकं त्यावरून फिरू लागतात, आडवी, मग उभी, सावकाश, अंधारात वाट चाचपडावी तशी, आणि मध्येच एका जागी थांबतात. पूर्वी कोणीतरी ‘सारखी चुळबुळ’ असं लिहून ठेवलं होतं. मग त्यांच्या आयुष्याची माहिती लिहिलेलं पान कोणीतरी नीट वाचलं. ब्रॅडफर्ड एकेकाळी जगाची लोकरीची राजधानी होती, आणि बाई तिथल्या गिरणीत ‘बर्लर अँड मेंडर’ होत्या: मागावरून उतरलेल्या कापडावरून हात फिरवून गाठी शोधायच्या, त्या उपसून काढायच्या, तुटलेला धागा सुईने असा भरायचा की पुन्हा कोणाला सापडू नये. चुळबुळ नव्हतीच ती, पाळी चालू होती. आता त्यांच्यासाठी लोकरी कापडांचे तुकडे एका टोपलीत ठेवलेले असतात.

माझी आत्या परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तिच्यापुरती गिरणी पुन्हा उघडलीच नाही. वाइंडिंगमध्ये सूत तुटलं की टोकाला टोक लावून गाठ मारायची. तिची बोटं एवढी झरझर चालत की गाठ मारली केव्हा ते दिसत नसे. संपानंतर कितीतरी वर्षं ती दुपारी बसल्या बसल्या पदराच्या दशांना गाठी मारत राहिली, आणि आम्ही मुलं म्हणायचो, आत्याचं काहीतरी चाललंय. एक बाई परळमध्ये जन्मभर गाठी मारत होती, आणि दुसरी ब्रॅडफर्डमध्ये गाठी उपसून काढत होती. एक सुताची, दुसरी लोकरीची, त्यामुळे एकीचा माल दुसरीकडे कधी आला असण्याची शक्यता नाही. पण आला असता तर दोघींची चांगलीच जुंपली असती.

परवा ड्युटी संपवून निघताना त्यांना शुभरात्री म्हणायला मी सात नंबरमध्ये डोकावले. खांद्यावर आत्याचीच जुनी शाल होती. बाईंनी तिचं टोक पकडलं. मला वाटलं, निरोपाचं काही असेल. पण त्यांची बोटं चालू लागली, काठापर्यंत गेली, मागे आली आणि थांबली. त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता, पार सुपरवायझरचा. “हे पास कोणी केलं?”

मी परत ऑफिसात जाऊन नोंद केली: ‘रात्री ८.१०. मदतनिसाची शाल तपासली. एक गाठ सापडली. माल परत पाठवण्यास सांगितलं. आवाज स्पष्ट, वाक्य पूर्ण.’ शेवटच्या ओळीवर मेंटरने टिचकी मारली. बरोबर, म्हणाली, असंच लिहायचं. पण शेजारचा ‘पुढील कार्यवाही’चा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा ठेवायची परवानगी नाही. तेव्हा मी लिहिलं, ‘शाल बदलली.’ दुसऱ्या दिवशी दुसरी नेली. तिच्यात दोन निघाल्या.